तिसरं पिल्लू आणि शिवणाची टेप

२१ एप्रिल, सोमवार. रक्कम अकरा हजार चारशे रुपये, मानेतल्या गाठीचा तुकडा काढून तपासल्याची. हजर: डॉक्टर, माझी पत्नी वासंती आणि मी. पावती मी स्वतः घेतली आणि वाचली. माझं वय त्रेपन्नऐवजी पस्तीस छापलं होतं. ते दुरुस्त करून घेण्यात दहा मिनिटं गेली.

“अहो, राहू द्या ना,” वासंती म्हणाली. “पस्तीसच बरं.”

त्या दिवसात हसण्यासारखं तेवढंच झालं. आत गेल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की गाठ साधी नाही, लिम्फोमा आहे, म्हणजे ग्रंथींचा कॅन्सर. पोटातही एक गाठ आहे. दर एकवीस दिवसांनी एकदा असं सहा वेळा औषध शिरेतून द्यायचं. मग त्यांनी पेन उचलून विचारलं, “मानेतली गाठ पहिल्यांदा कधी लक्षात आली?”

“तीन आठवडे झाले,” मी म्हणालो.

त्यांनी तसं लिहून घेतलं. वासंती माझ्याकडे बघत होती. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो.

हे लिहितोय ते आज त्या खुर्चीत बसलेल्या माणसासाठी. औषधांची माहिती यात नाही, ती डॉक्टर देतील. औषधांचे परिणाम सांगणारा एक छापील कागद मला मिळाला होता. केस जातील, तोंड येईल, थकवा येईल, असे चौदा परिणाम त्यात होते. शंका हा परिणाम त्यात नव्हता. मला तो सगळ्यात जास्त झाला.

नाव बरोबर आहे का

शंका घेणं हे माझं कामच आहे. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात मी एकोणतीस वर्षं लेखापरीक्षणात आहे. तेवीस वर्षांपूर्वी साताऱ्याहून बदली होऊन चेन्नईत आलो, वेस्ट मांबलमला घर घेतलं आणि राहून गेलो. कार्यालयात इंग्रजी आणि हिंदी चालतं, त्यामुळे माझं तमिळ आकडे, बसचे थांबे आणि ‘पोदुम’, म्हणजे पुरे, एवढ्यावर थांबलं. वासंतीने मात्र भाजीवालीकडून आणि इमारतीतल्या बायकांकडून ती भाषा पुरती उचलली. मुलगी मुक्ता तर इथलीच. आमच्याशी मराठी बोलते, पण रागावली की तमिळमध्ये.

आधी मला याचं कौतुक होतं. एप्रिलनंतर भीती वाटायला लागली. नर्स वासंतीशी दोन मिनिटं तमिळमध्ये बोलायची आणि वासंती मला सांगायची, “पाणी भरपूर प्या म्हणतात.”

“एवढंच?”

“एवढंच.”

दोन मिनिटांच्या तमिळचं चार शब्दांचं मराठी कसं होतं? वासंतीचे फोन बाल्कनीत सुरू झाले. मुक्ता घरात आली की आधी स्वयंपाकघरात जायची, मग माझ्याकडे. मला एकच हवं होतं: जे काही आहे ते मला आकड्यात कळावं. चांगलं असो, वाईट असो. आणि मला वाटायला लागलं होतं की तेवढंच कोणी देत नाही.

औषध द्यायच्या खोलीत एका रांगेत आठ खुर्च्या होत्या. सकाळी साडेसातला नंबर, नऊला सुई, तीनपर्यंत बसायचं. शिरेला लावायच्या प्रत्येक पिशवीवरचं नाव मी चष्मा लावून वाचायचो. सेल्वी नावाची नर्स होती. पहिल्या वेळी ती वैतागली. दुसऱ्या वेळेपासून तीच पिशवी माझ्या डोळ्यांसमोर धरून विचारायची, “पेर सरिया, सार?” नाव बरोबर आहे का? बरोबर असायचं. तिने एकदाही घाई केली नाही. आजारपणात मिळालेल्या लहान मोठ्या उपकारांत मी हा वरचा धरतो.

माशांची डोकी

दुसऱ्या औषधानंतर तोंड आलं. ताकभातसुद्धा झोंबायचा. दिवस संपता संपेना. तेव्हा मुक्ताने टीव्हीवर एक घरटं लावून दिलं. उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशात, तळ्याकाठच्या उंच पाइनच्या शेंड्यावर काटक्यांचा मोठा ढीग, त्यावर कॅमेरा. घरटं ऑस्प्रेचं, म्हणजे मासे मारून खाणाऱ्या शिकारी पक्ष्याचं. आपल्याकडे त्याला कैकर म्हणतात. मादी तीन अंड्यांवर बसलेली. चित्राच्या कोपऱ्यात तिथलं घड्याळ, आपल्यापेक्षा अडीच तास मागे.

“बाबा, हे लाईव्ह आहे. आत्ता, या क्षणी चाललंय.”

“कशावरून?”

“म्हणजे?”

“आत्ताच चाललंय कशावरून? जुनं लावत असतील.”

मुक्ताने कपाळाला हात लावला. मी तिला त्या गावाचं हवामान काढायला लावलं. चार दिवस तपासलं. तिथे पाऊस असेल तेव्हा मादी भिजत होती. मग मान्य केलं.

नर मासे आणून देतो आणि मादी घरट्यात राहते, असा त्यांचा कारभार. मी दोनशे पानी वही घेतली आणि नोंद ठेवायला लागलो: वेळ, मासा, अंदाजे आकार. तिसऱ्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली. बहुतेक मासे बिनडोक्याचे येत होते.

“हा नर प्रत्येक माशातून काहीतरी काढून घेतोय,” मी वासंतीला म्हणालो. “डोकं नाही एकालाही.”

“तुमच्या ऑफिसातला असेल,” ती म्हणाली.

पुढच्या वेळी मी सेल्वीला मोबाईलवर घरटं दाखवलं. ती पुलिकत तळ्याकडच्या गावची. बघताक्षणी म्हणाली, “इदु विरालडिप्पान, सार!” तिच्या गावी थंडीत हे पक्षी येतात. विराल हा मासा, त्याच्यावर झडप घालणारा तो विरालडिप्पान. मी डोक्यांची तक्रार सांगितली. वासंतीने ती तमिळमध्ये पोचवली. सेल्वी हसली आणि वासंतीकडे बोट दाखवून बरंच काही बोलली.

“काय म्हणते?”

“म्हणते, त्याने आधी खाल्लं नाही तर उद्या आणणार कोण?”

“आणि तुझ्याकडे बोट का दाखवलं?”

“ते असंच.”

ते असंच नव्हतं. त्या महिन्यात वासंतीचं वजन चार किलो उतरलं होतं. मी घरातल्या काट्यावर फक्त माझंच लिहीत होतो.

जूनच्या मध्यावर तिन्ही अंडी फुटली. तिसरं पिल्लू पाच दिवसांनी मागून आलं, त्यामुळे लहान. मासा आला की मोठी दोघं पुढे, हे मागे. मी त्याच्या घासांचं वेगळं खातं उघडलं. खरं सांगतो, त्या दिवसांत मला माझ्या पांढऱ्या पेशींच्या आकड्यापेक्षा त्या पिल्लाला किती घास मिळाले याची काळजी जास्त असायची.

छान

तिसऱ्या औषधानंतर पूर्ण अंगाचं स्कॅन झालं. औषध लागू पडतंय की नाही हे त्यातून कळणार होतं. रिपोर्ट ३ जुलैला, गुरुवारी मिळायचा होता. मला सकाळी उठवत नव्हतं. वासंती आणि मुक्ता आणायला गेल्या. मी गोळी घेऊन झोपलो. उठलो तेव्हा दोघी परत आल्या होत्या आणि टीव्ही बंद होता.

“काय आलं?”

“छान आहे,” वासंती म्हणाली.

“छान म्हणजे किती?”

“छान म्हणजे छान. डॉक्टर म्हणाले, चालू ठेवू.”

“कागद?”

“ठेवून घेतला त्यांनी. उद्या औषध आहे ना, लागतो त्यांना.”

वासंतीला खोटं बोलता येत नाही. म्हणजे बोलते, पण बोलताना पदराने टेबल पुसते. टेबल स्वच्छ होतं.

शुक्रवारी चौथं औषध झालं. शनिवारी मी घरट्यासमोर बसलो. मुक्ताने ऑफिसचं काम घरूनच घेतलं होतं. नऊच्या सुमारास तिने स्वतः टीव्ही लावून दिला. पहिली खटकलेली गोष्ट म्हणजे कोपऱ्यातलं घड्याळ नव्हतं.

“काढलं वाटतं त्यांनी,” मुक्ता म्हणाली.

दुसरी गोष्ट सांगायला मला लाज वाटली. पिल्लं लहान झाली होती. बुधवारी त्यांच्या पाठीवर गडद पिसं फुटत होती. शनिवारी ती पुन्हा कापसासारखी. वाटलं, औषध डोक्यापर्यंत पोचलं. मी कोणाला बोललो नाही. फक्त वही लिहिली. शनिवारी लिहिली, रविवारी पडून होतो, सोमवारी लिहिली.

सोमवारी दुपारी दोन्ही पानं शेजारी ठेवली. माशांच्या वेळा जुळत नव्हत्या. पण लेखापरीक्षणात पहिली शिकवण ही की रकमा बदलून लिहिता येतात, फरक बदलायला लोक विसरतात. मी दोन माशांमधली अंतरं काढली. शनिवारी पहिल्या आणि दुसऱ्या माशात एक तास सत्तेचाळीस मिनिटं, दुसऱ्या आणि तिसऱ्यात दोन तास आठ मिनिटं. सोमवारी तेच, मिनिटाला मिनिट. दोन्ही दिवशी तिसऱ्या माशाच्या शेपटीला पाणवनस्पतीची हिरवी दोरी लोंबत होती. मागची पानं चाळली. ती दोरी २६ जूनच्या पानावर माझ्याच अक्षरात होती. म्हणजे मुक्ता मला २६ जूनचं रेकॉर्डिंग दाखवत होती, घड्याळाचा कोपरा कापून.

मोबाईलवर खरं घरटं शोधायला मला वीस मिनिटं लागली. घड्याळ जागेवर होतं. घरट्यात पिल्लं दोन होती.

मला त्या पिल्लाचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलं ते नंतर. आधी मी स्वतःचा हिशोब मांडला. अफरातफर एकाच नोंदीत थांबत नाही. ज्यांनी मेलेलं पिल्लू तीन दिवस जिवंत ठेवलं, त्यांनी माझ्या रिपोर्टचं काय केलं असेल?

तीन आठवड्यांत किती रविवार

संध्याकाळी मुक्ता लॅपटॉप मिटून खोलीबाहेर आली. वही मी जेवणाच्या टेबलावर उघडी ठेवली होती, तिन्ही पानांवर खुणा करून.

“बस,” मी म्हणालो. “हे अंतर वाच. आता हे. आता सव्वीस जूनचं.”

तिने वाचलं.

“कधी मेलं?”

“गुरुवारी.”

“किती वाजता?”

“मला नाही माहीत किती वाजता!” ती ओरडली आणि तमिळमध्ये काहीतरी म्हणाली. मग मराठीत, हळू: “तीन दिवस तिथे वादळ होतं. मासेच आले नाहीत फारसे. आम्ही रिपोर्ट घेऊन घरी आलो, तर तुम्ही झोपलेले आणि टीव्हीवर ते पिल्लू... ती मादी त्याला घास देत होती, बाबा, आणि ते घेत नव्हतं. त्यात हातात तो कागद. मला दोन्ही सांगता आलं नसतं.”

“म्हणजे कागदावर काहीतरी आहे.”

मुक्ताने आईकडे पाहिलं. वासंतीने गॅस बंद केला. ती आतल्या खोलीत गेली. शिलाई मशीनचा खण ओढल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात पांढरं पाकीट होतं आणि त्याखाली आणखी काहीतरी.

“हे माझं,” ती म्हणाली आणि पाकीट माझ्यासमोर ठेवलं.

मी रिपोर्ट तीनदा वाचला. मानेतली गाठ गेली होती. पोटातली पाच पूर्णांक दोन सेंटिमीटरची तीन पूर्णांक नऊवर आली होती. उतरली होती, पण हवी तेवढी नाही. डॉक्टरांनी पेनने खाली लिहिलं होतं: सहाऐवजी आठ वेळा, एक औषध बदलून.

“तिसऱ्या वेळी चार दिवस पाणीसुद्धा ठरलं नाही तुमच्या पोटात,” वासंती म्हणाली. “सहाचं गणित मांडून बसला होतात. भिंतीवर सहा चौकोन काढलेत पेन्सिलीने. डॉक्टरांना मीच म्हटलं, चौथं होऊ दे, मग सांगते. उद्या सांगणार होते.”

“उद्या!” मी म्हणालो. “सगळे उद्याच सांगणार असतात. माझं शरीर, माझा कागद, आणि माझ्यापासून लपवता? विश्वास कशावर ठेवायचा माणसाने?”

“झालं बोलून?” तिने हातातली दुसरी वस्तू पुढे केली. “आणि हे तुमचं.”

ती माझी खिशातली डायरी होती. तिच्याभोवती वासंतीची शिवणाची टेप गुंडाळलेली.

“विम्याचे कागद शोधताना तुमच्या बॅगेत मिळाली. एप्रिलमध्येच. वाच गं मुक्ता, शेवटून तिसरं पान.”

मुक्ता वाचायला लागली. “चोवीस नोव्हेंबर, एक पूर्णांक एक. एक डिसेंबर, एक पूर्णांक एक. आठ डिसेंबर, एक पूर्णांक तीन...” तिचा आवाज बारीक होत गेला. “बाबा, हे काय आहे?”

मी रिपोर्ट पुन्हा पाकिटात घालायला लागलो.

“मानेतली गाठ आहे ती,” वासंती म्हणाली. “दर रविवारी मी भाजीला खाली गेले की माझ्या डब्यातली टेप घ्यायची, आरशासमोर मोजायची, परत ठेवायची. टेपला रबरबँड लावून! मी कधी लावते का रबरबँड? पाच महिने मला वाटत होतं, ही टेप आवरतंय कोण. डॉक्टरांनी विचारलं तर म्हणे तीन आठवडे. आता तुम्हीच सांगा, तीन आठवड्यांत किती रविवार येतात?”

डायरीत एकवीस होते. शेवटचा आकडा तीन पूर्णांक आठ.

“मी पाच दिवस लपवलं,” ती म्हणाली. “तुम्ही पाच महिने.”

मुक्ताने विचारलं, “पण का, बाबा?”

याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही, इथे देतो, कारण वाचणाऱ्यांपैकी कोणीतरी आज तेच करत असेल. मोजत होतो तोवर मला वाटत होतं की मी काहीतरी करतोय. आकडा लिहिला की आठवडाभर सुटका. सांगितलं असतं तर ती गाठ झाली असती. सांगितलं नाही तोवर ती फक्त नोंद होती. एकोणतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या लपवलेल्या नोंदी शोधल्या. या घरातली पहिली लपवलेली नोंद माझी होती आणि माझ्या आजारपणातला सगळा संशय तिथूनच निघाला होता. स्वतः लपवणाऱ्याला दुसरा लपवतोय असंच दिसतं.

वासंती रडली नाही. तिने गॅस पुन्हा पेटवला. “मऊ भात झालाय. जेवून घ्या, मग भांडू.”

“तूही बस,” मी म्हणालो. त्या दिवशी ती आमच्याबरोबर जेवली. मुक्ताने टीव्ही लावला. घड्याळासकट. दोन पिल्लं, एक मासा.

दुरुस्ती

तेव्हापासून घरात एक नियम झाला. कुठलाही कागद जेवणाच्या टेबलावर, तिघांच्या समोर उघडायचा. आधी कोणी वाचायचा नाही, मीसुद्धा नाही. भिंतीवर मी आणखी दोन चौकोन काढले. हा नियम मी सगळ्यांना सुचवेन. भीती कमी होत नाही. पण ती तिघांत वाटली जाते आणि कोणाला टेबल पुसत बसावं लागत नाही.

पाचव्या औषधाच्या दिवशी मी डॉक्टरांना म्हणालो, “मला माझ्या फाईलमधली एक नोंद दुरुस्त करायची आहे.” त्यांना वाटलं पुन्हा वय. मी डायरी दाखवली. त्यांनी ती बराच वेळ बघितली. मग ‘तीन आठवडे’ खोडून ‘पाच महिने’ लिहिलं आणि शेजारी सही केली.

“याने आता उपचार बदलत नाहीत,” ते म्हणाले.

“माहीत आहे.”

“तेव्हाच सांगितलं असतं तर फरक पडला असता का, असं विचारणार आहात?”

“नाही,” मी म्हणालो. त्याचं उत्तर मला ऐकायचं नव्हतं. अजून विचारलेलं नाही.

ऑगस्टमध्ये दोन्ही पिल्लं उडाली. मादी आधी निघून गेली, मग पिल्लं. नर शेवटपर्यंत मासे आणत राहिला. सप्टेंबरात एका दुपारी तो मासा घेऊन घरट्यावर उतरला. घ्यायला कोणी नव्हतं. थोडा वेळ तो इकडे तिकडे बघत राहिला आणि मग सगळा मासा स्वतः खाल्ला. त्याबद्दल माझी काही हरकत नव्हती. वहीत मी तशी नोंद केली. दुसऱ्या दिवशी घरटं रिकामं होतं.

आठवं औषध सप्टेंबरअखेर संपलं. पुढच्या महिन्यातला रिपोर्ट टेबलावर मुक्ताने उघडला. पोटात काही दिसत नव्हतं. खाली लिहिलं होतं, दर तीन महिन्यांनी तपासणी. मी विचारलं, “यात काही खोडाखोड?” वासंतीने कागद उलटासुलटा करून दाखवला.

शंका गेली असं मी म्हणणार नाही. मान अजून दिवसातून दोनदा चाचपतो. पण आता सगळ्यांसमोर चाचपतो, आणि वासंती म्हणते, “मिळालं काही?”

राहता राहिली ती टेप. जुलैतल्या त्या संध्याकाळी तिने ती कचऱ्यात टाकली होती. म्हणाली होती, यापुढे त्या टेपने ब्लाउज मोजवणार नाही. आणि टेप तिची होती, तेव्हा तिचे पैसे माझ्याकडे निघतात, ते ती सोडणार नाही. मी म्हटलं होतं, उपचार संपू देत.

२३ नोव्हेंबर, रविवार. पहिल्या मोजणीला वर्ष व्हायला एक दिवस कमी. हजर: मुक्ता. शिवणाच्या टेपची किंमत चाळीस रुपये, वीसच्या दोन नोटा, वासंतीला दिले. तिने दोन्ही नोटा खिडकीतल्या उजेडाकडे धरून नीट पाहिल्या आणि मगच मशीनच्या खणात ठेवल्या.